पावसाची वही आणि यंत्राचे बरगे

गगनबावड्याला राहायचे म्हणजे पावसाशी जुळवून घेतच राहायचे. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात पूर्वेला शिरोळकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तर आमच्या तालुक्यात पाच-सहा हजार मिलिमीटर. एकाच जिल्ह्यात दहापट फरक! ढग उतरले की गगनगड चार-चार दिवस दिसत नाही. घरातले कपडे चुलीच्या उबेवर वाळवावे लागतात आणि कोल्हापूरला जायचे असेल तर आधी रस्ता चालू आहे का, याची चौकशी करावी लागते. पण वाचक बंधू-भगिनींनो, आज आम्ही पावसाचे गाऱ्हाणे मांडायला बसलेलो नाही. ज्या 'एआय'चे नाव हल्ली लहान मुलांच्याही तोंडी असते, त्याच्या पोटात कोणते गणित चालते, ते आमच्यासारख्या साध्या माणसांना या पावसामुळेच उमगले. ते तुम्हांला सांगावे, एवढाच हेतू आहे.

आम्ही म्हणजे नवरा-बायको. एकाची सारी नोकरी एसटीत वाहक म्हणून गेली, दुसरीची अंगणवाडीत मदतनीस म्हणून. मुलीने शिवाजी विद्यापीठातून गणितात एम. एस्सी. केले. घरात आजी होत्या. त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी कोल्हापूरला न्यावे लागू लागले. अंतर पंचावन्न किलोमीटर. उन्हाळ्यात ही गोष्ट फक्त खर्चाची आणि दगदगीची असते, पावसाळ्यात मात्र ती जिवावरची होते. कुंभी नदीला पूर आला की मांडुकली आणि खोकुर्ले इथे रस्त्यावर पाणी येते, आणि गगनबावडा कोल्हापूरपासून तुटतो. डायलिसिसची एक पाळी चुकली तर रुग्णाच्या अंगावर सूज येते, दोन चुकल्या तर काय होईल ते सांगता येत नाही.

म्हणून आमच्या घरात पावसाळ्यात रोज एकच प्रश्न असे. आज इतका पाऊस झाला, तर उद्या मांडुकलीला रस्ता राहील की जाईल?

या प्रश्नासाठी आमच्याकडे एक वही होती. २००५ सालच्या महापुरानंतर आम्ही ती ठेवू लागलो. तालुक्याला आदल्या दिवशी किती पाऊस नोंदला गेला, तो आकडा, आणि त्यापुढे गाडी पार गेली की अर्ध्यातून परतली, एवढेच. आजींना लिहिता येत नव्हते, पण वही भरली की नाही हे त्या रोज रात्री विचारत. म्हणत, "पाणी यायच्या आधी सांगायला कोण येत न्हाई बाबा. आपलं आपणच बघून ठेवायचं."

२०२१ च्या जुलैत त्याचा उपयोग झाला. शुक्रवारची पाळी होती. बुधवारी वहीतली जुनी पाने चाळून आम्ही त्याच संध्याकाळी आजींना घेऊन निघालो आणि कोल्हापुरात नातलगांकडे मुक्काम केला. रस्ता त्यानंतर बंद झाला. पंचगंगेचे पाणी त्या वेळी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेले होते. तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, यावरून काय पूर असेल ते समजा. २०१९ च्या ऑगस्टमध्येही पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. त्या वर्षी तर पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता.

पुढे आजी गेल्या. वही राहिली. एका सुट्टीत मुलीने ती वही मागितली आणि म्हणाली, "आई, बाबा, तुम्ही जे बुधवारी डोक्यात केलंत ना, तेच न्यूरल नेटवर्क करतं. बघायचंय?"

तिने आम्हांला पहिल्यांदा विचारले, "त्रैराशिक आठवतंय का?" आठवत होते. पाच आंब्यांना इतके रुपये, तर दहा आंब्यांना दुप्पट. ती म्हणाली, "पाऊस त्रैराशिक पाळत नाही." हे मात्र आम्हांला तिच्याआधीपासून माहीत होते. जूनमध्ये पहिला पाऊस कितीही झाला तरी तापलेली जमीन तो पिऊन टाकते, नदीला फारसे काही कळत नाही. तोच पाऊस जुलैअखेर झाला तर भिजलेली जमीन एक थेंब घेत नाही, सगळे पाणी ओढ्यातून कुंभीत. कागदावर काढले तर ही सरळ रेघ होत नाही. आधी सपाट, मग वाकणारी, मग अंगावर येणारी अशी रेघ होते.

आता गंमत अशी, की यंत्राला नुसती त्रैराशिके दिली आणि ती एकापुढे एक हजार जोडली, तरी शेवटी त्रैराशिकच तयार होते. सरळ रेघेत सरळ रेघ मिसळली की सरळ रेघच! म्हणून मध्ये कुठेतरी वाक लागतो. न्यूरल नेटवर्कमध्ये प्रत्येक न्यूरॉन आलेल्या आकड्यांना कमी-जास्त वजन देऊन बेरीज करतो आणि मग ती बेरीज एका दारातून सोडतो. बेरीज ठरावीक पातळीच्या खाली असेल तर दार बंद, वर गेली की उघडे. या दाराच्या नियमाला गणिताच्या भाषेत 'ॲक्टिव्हेशन फंक्शन' म्हणतात. अमेरिकेतल्या मॅकलक् आणि पिट्स या दोघांनी १९४३ मध्ये असा पहिला न्यूरॉन कागदावर मांडला.

दार म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे राधानगरी आले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारायला घेतलेल्या त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी भरले की ते आपोआप उघडतात, कोणी हात लावायला नको. एक दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत उतरते, दोन उघडले की २,८५६, तीन उघडले की ४,२८४, आणि सातही उघडले की ९,९९६. कागदावर काढा, सात पायऱ्यांचा जिना तयार होईल.

मुलगी म्हणाली, "सगळं यातच आहे." कोणतीही वाकडी रेघ जिन्याने जवळपास काढता येते. रेघ खाली उतरत असेल तर काही दारांना वजाबाकीचे वजन द्यायचे, म्हणजे ती उघडल्यावर बेरीज कमी होते. पायऱ्या मोठ्या ठेवल्या तर चूक मोठी, लहान ठेवल्या तर चूक लहान. इशारा पातळी आणि धोका पातळी यांत चार फुटांचे अंतर आहे. ते चार पायऱ्यांत बसवले तर अर्ध्या फुटापर्यंत चूक राहते. अर्ध्या इंचात आणायची तर अठ्ठेचाळीस पायऱ्या लागतात. पायऱ्या लागल्या तितक्या घ्या, चूक हवी तितकी कमी करा. सरळ जिन्याऐवजी उताराचे तुकडे जोडले तर काम आणखी स्वस्तात होते. रेघ खडबडीत नसेल, तर तुकडे दुप्पट केल्यावर चूक निम्मी नव्हे, चौथाई होते.

ही नुसती हुशारीची गोष्ट नाही, ते सिद्ध झालेले प्रमेय आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज सायबेंको यांनी, जपानमध्ये फुनाहाशी यांनी आणि हॉर्निक, स्टिंचकोम व व्हाइट या तिघांनी वेगवेगळ्या वाटेने ते दाखवले. हळूहळू उघडणाऱ्या दारांची एकच रांग असली, पण दारे पुरेशी असली, तर मर्यादित पट्ट्यातली कोणतीही न तुटणारी रेघ त्यांतून हवी तितकी जवळ काढता येते. १९९३ मध्ये लेश्नो, लिन, पिंकस आणि शॉकेन यांनी आणखी पुढचे सांगितले. दार कसेही असो, त्याचा नियम नुसता वर्ग-घनांच्या बेरजेचा नसला म्हणजे झाले. वर्गांत वर्ग कितीही मिळवले तरी वर्गाच्या पुढे जाता येत नाही, हे तर शाळेतल्या बीजगणितातही दिसते.

इथपर्यंत दारे सगळी एकाच साच्यातली होती. यंत्र शिकते म्हणजे वजने बदलते आणि कोणते दार कोणत्या पातळीला उघडायचे ते ठरवते. पण दाराचा घाट ज्याने यंत्र बनवले त्याने आधीच ठरवलेला. मुलीचा अभ्यासाचा विषय याच्या पुढचा होता. दाराचा घाटच यंत्राला शिकू दिला तर?

हे आम्हांला पटकन कळले नसते, पण तिने कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे नाव घेतले. आमच्याकडे नदीवर दगडी खांबांचे बंधारे असतात. पावसाळा संपला की खांबांच्या खाचांतून बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवतात. पावसाळ्याआधी ते काढून घेतात. किती बरगे घालायचे, कुठल्या गाळ्यात घालायचे, हे पाणी पाहून ठरते. राधानगरीच्या दाराचा घाट पक्का आहे, बंधाऱ्याची वाट मात्र फळी-फळीने घडवता येते. लवचीक ॲक्टिव्हेशन फंक्शन म्हणजे असे बरग्यांचे दार. वजनांबरोबर यंत्र आपल्या दाराचे बरगेही वरखाली करून पाहते आणि ज्या घाटाने उत्तर खरे येते तो घाट ठेवते.

याचा एक अगदी साधा नमुना २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या हे, झांग, रेन आणि सुन या चौघांनी दाखवला. नेहमीचे दार पातळीखाली ठार बंद असते. त्यांनी खाली थोडी गळती ठेवली आणि ती किती असावी हे यंत्रालाच शिकू दिले. 'इमेजनेट' या चित्रे ओळखण्याच्या मोठ्या परीक्षेत त्यांच्या यंत्राची चूक ४.९४ टक्के आली. त्याच परीक्षेत माणसाची चूक ५.१ टक्के मानली जात होती. श्रेय एकट्या गळतीचे नव्हते, पण तिचा वाटा होता.

मग बरगे मनासारखे घडवता आले, तर दारे किती कमी लागतील? हा प्रश्न आमच्या मनात आला तेव्हा मुलगी फार खूश झाली, कारण मोठमोठ्या गणितींनी तोच विचारला आहे. १९५७ मध्ये रशियाचे कोल्मोगोरोव आणि त्यांचा तरुण विद्यार्थी आर्नोल्ड यांनी दाखवले, की अनेक गोष्टींवर अवलंबून असलेला कोणताही अखंड नियम एकेका गोष्टीच्या वक्र रेघा आणि बेरीज एवढ्यावरच बांधता येतो. पंचगंगेचेच घ्या. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या तिला मिळतात, पाचवी सरस्वती गुप्त मानतात. चार नद्यांवर अवलंबून असलेल्या नियमाला आतल्या बाजूला ३६ आणि बाहेरच्या बाजूला ९ रेघा पुरतात. नियम कितीही गुंतागुंतीचा असो, पंचेचाळीसच्या वर नाही!

१९९९ मध्ये मायोरोव आणि पिंकस यांनी तर असे एकच दार दाखवले, गुळगुळीत आणि सतत चढत जाणारे, की त्याचे दोन थर पुरतात. चार गोष्टींसाठी पहिल्या थरात १२ आणि दुसऱ्यात २७. चूक कितीही कमी हवी असली तरी दारे तेवढीच. बेरीज ३९ येते. तो इशारा पातळीचाही आकडा आहे, हा निव्वळ योगायोग.

हे ऐकून आमच्यातल्या वाहकाने लगेच विचारले, "मग एवढी मोठी यंत्रं कशाला लागतात? एकोणचाळीस दारांत जग बसवा की!" मुलगी हसली. म्हणाली, "बाबा, तुमचं तिकिटांचं पाकीट आठवा. पाकीट लहान होतं, पण आत दाबून किती भरलेलं असायचं!" त्या एका दाराच्या घाटात जगातल्या साऱ्या रेघा अतिबारीक घड्या करून कोंबलेल्या असतात. हवी ती घडी उलगडायला आकडा इतका अचूक लागतो, की संगणकाच्या आकड्यांत तेवढी जागाच नसते. कोल्मोगोरोव यांच्या रेघाही अशाच, हाताला न लागणाऱ्या खरबरीत. प्रमेय सांगते की असे दार आहे. ते सापडेल कसे, हे प्रमेय सांगत नाही.

तरी त्या विचाराचे फळ मिळालेच. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोल्मोगोरोव आणि आर्नोल्ड यांच्याच नावाचे नेटवर्क मांडले. त्यात दारे पक्की नाहीतच. प्रत्येक जोडणीवर लहान-लहान तुकड्यांची, शिकता येणारी वक्र रेघ असते. विज्ञानाच्या काही लहान प्रश्नांत त्याला कमी आकड्यांत चांगले उत्तर मिळाले. पण तेवढ्याच आकड्यांच्या साध्या नेटवर्कपेक्षा ते शिकायला साधारण दहापट वेळ घेते, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. बरगे जितके जास्त, तितके काढ-घाल करायला हात जास्त लागतात, हे आमच्या बंधाऱ्यावरचा कोणीही सांगेल.

एवढे सांगून झाल्यावर मुलीने आमची वही लॅपटॉपमध्ये चढवली. आदल्या दिवसाचा पाऊस, त्याच्या आधीच्या आठवड्याचा पाऊस, आणि रस्ता चालू की बंद. आधी पक्क्या दारांचे लहानसे नेटवर्क चालवले. त्याने ढोबळ उत्तर दिले. मधल्या अवघड दिवसांत, म्हणजे जेव्हा गाडी जाईल की परतेल हे चालकालाही सांगता येत नसे, तिथे ते गडबडले. मग तेवढ्याच न्यूरॉनना बरग्यांची दारे दिली. आता रेघ वहीतल्या दिवसांना अगदी चिकटून गेली. आम्ही दोघे खूश!

पण मुलगी पडद्याकडे टक लावून पाहत होती. चढत्या रेघेला मध्येच एक विचित्र खड्डा पडला होता. खूप पाऊस, आणि तरी रस्ता चालू! वही उघडून पाहिली. त्या पानाला ओल लागून शाई पसरली होती आणि ४० चा आकडा ४०० सारखा दिसत होता. पक्क्या दारांच्या नेटवर्कला त्या एका आकड्यासाठी वाकणे जमले नव्हते, म्हणून त्याने तो सोडून दिला. लवचीक नेटवर्कला वाकता येत होते, म्हणून ते त्या ओल्या शाईपुढेही वाकले. ज्याच्यात सगळे शिकण्याची ताकद असते, ते खोटेही तितक्याच निष्ठेने शिकते. मुलगी म्हणाली, "म्हणून काही पानं यंत्रापासून लपवून ठेवायची आणि शेवटी त्यांच्यावर परीक्षा घ्यायची. पाठ केलं की समजलं, ते तिथं कळतं."

दुसरी गोष्ट आम्हांला जास्त लागली. प्रमेय मर्यादित पट्ट्यापुरते बोलते. वहीत जितका पाऊस नोंदला आहे, त्या पट्ट्याच्या आतली हमी आहे, बाहेरची नाही. २००५ च्या पुरानंतर सुरू झालेल्या वहीला २०१९ चे पाणी ठाऊक नव्हते. वहीत नसलेल्या पाण्यापुढे पक्के दार काय आणि लवचीक दार काय, दोन्ही अंदाज बांधणार ते अंधारातच.

आपल्या महाराष्ट्रात या गणिताचा पुरासाठी उपयोग करण्याचे काम नवे नाही. मुंबईच्या आयआयटीत थिरुमलय्या आणि प्रा. एम. सी. देव यांनी १९९८ मध्येच नदीच्या पाण्याची पातळी न्यूरल नेटवर्कने आधी सांगण्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. पुण्याच्या हवामान खात्यातल्या शास्त्रज्ञांनीही मोसमी पावसाच्या अंदाजासाठी अशी नेटवर्क वापरून पाहिली. त्या वेळी आमच्यासारख्यांच्या घरी फोनही नव्हता. आज प्रत्येक पोराच्या खिशात त्याहून मोठा संगणक आहे. यंत्र आता कोणालाही मिळू शकते. कमी आहे ती नोंदीची. मोठ्या नदीची पातळी फुटा-इंचांत लिहिली जाते, पण वस्तीमागचा ओढा कधी फुगला आणि कोणाच्या उंबऱ्याला पाणी लागले, हे बहुधा कोणी लिहीत नाही. पाणी मात्र आधी तिथेच येते. नोंदच नसेल, तर जगातले सर्वांत लवचीक दारही त्या उंबऱ्यापर्यंत वाकून येणार नाही.

म्हणून आमची विनंती अशी आहे. ज्यांच्या घराला पाणी लागते त्यांनी भिंतीवर खूण करून तिच्याशेजारी तारीख लिहावी, आणि ती खूण वहीतही उतरवावी, कारण पुढच्या रंगकामात भिंतीवरची खूण जाते. आकडा अक्षरांतही लिहावा, म्हणजे ओल लागली तरी चाळीसचे चारशे होणार नाहीत. ज्या दिवशी काहीच झाले नाही, त्या दिवशीही लिहावे. रस्ता चालू राहिला, हीदेखील यंत्राला लागणारी माहितीच आहे. हे काम दहा-बारा वर्षांच्या मुलांवर सोपवावे. पावसाचा आकडा आणि पाण्याची खूण यांची रेघ चौकटीच्या कागदावर काढायला त्यांना सांगावे. ती सरळ येत नाही, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की पुढचे गणित त्यांना परके वाटणार नाही. आमच्या मुलीने त्या ओल्या पानावरचा आकडा शेजारी अक्षरांत लिहून ठेवला आहे, आणि यंदाच्या पावसाळ्यासाठी आम्ही नवी वही आणली आहे.